बाबागाडीचा दांडा धरून

माझी नोकरी पायांची होती. वीज खात्यात मी मीटर वाचायचो. सकाळी सायकलवर टांग मारायची, एखादी पेठ धरायची आणि घरोघरचे जिने चढत-उतरत आकडे टिपत फिरायचं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमची मंगल बसायला शिकत होती. सोलापुरात तेव्हा आजच्याइतक्या मोटारी नव्हत्या, पण हैदराबादकडचे ट्रक भर गावातून जायचे आणि जीप-अँबॅसेडरवाले त्यांच्या मागून हॉर्न वाजवत सायकलवाल्यांना कडेच्या मातीत उतरवायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. पायात जोर होता, तोवर सगळा रस्ता मला आपलाच वाटायचा.

आधी जुलाब झाले. ते थांबले आणि मी कामावर गेलो. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. साखर पेठेत एका घराचा जिना उतरत होतो आणि मधल्या पायरीवर गुडघ्यातलं अवसानच गेलं. घसरलो नाही, अडखळलो नाही, नुसता खाली बसलो. त्या घरच्या बाईंनी पाणी दिलं आणि उन्हाचं झालं असेल म्हणाल्या. मलाही तेच पटलं. घरी सायकलवरच आलो, पण पायडलवरून पाऊल सारखं घसरत होतं.

दुसऱ्या दिवशी उठायला गेलो तर पाय हललेच नाहीत. बायकोला हाक मारली, शालनला. तिनं पांघरूण बाजूला केलं, माझे पाय हातांनी उचलून खाली सोडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.  तशीच बाहेर गेली आणि शेजारच्या नरसय्यांना घेऊन आली. नरसय्या चादरीच्या कारखान्यात विणकर होते, अंगानं दांडगे. त्यांनी मला पाठुंगळी घेतलं आणि टांग्यात नेऊन बसवलं. माझी आई दारातून मीठ-मोहऱ्या ओवाळत होती. तिच्या मते ही कुणाची तरी नजर होती.

तारा

सात रस्त्याच्या पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी मला तपासलं. रबरी हातोडीनं गुडघ्यांवर ठोकलं. पाय उडाले नाहीत. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. ते काढताना दुखलं त्यापेक्षा, आपल्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागताहेत याचं दुःख जास्त होतं.

संध्याकाळी डॉक्टर खाटेपाशी आले. मी काय काम करतो ते त्यांनी विचारून घेतलं होतं.

"तुम्ही विजेचे लोक, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो," ते म्हणाले. "मेंदूकडून पायांकडे तारा जातात. तुमच्या तारा तुटलेल्या नाहीत. त्यांच्यावरचं वेष्टण खराब झालंय, म्हणून करंट पोचत नाही. हे वेष्टण पुन्हा येतं. पण सावकाश येतं."

"पूर्ण येतं का?" मी विचारलं.

"बऱ्याच जणांचं येतं. सगळ्यांचं नाही. तुमचं आज मला सांगता येणार नाही."

त्यांनी खोटं सांगितलं नाही याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्या वेळी मात्र राग आला होता.

पुढचे दिवस वाईट होते. अशक्तपणा वर सरकत होता. मांड्या गेल्या, कंबर गेली, बोटांना घास धरवेना. डॉक्टरांना धास्ती होती छातीची. फेरीवर आले की ते मला एका दमात आकडे मोजायला सांगायचे. काल जिथपर्यंत मोजलं होतं त्याच्या अलीकडेच दम तुटला की त्यांचा चेहरा बदलायचा. कोपऱ्यातल्या खाटेजवळ एक मोठं यंत्र झाकून ठेवलं होतं. ते कशाचं हे मी कुणाला विचारलं नाही. शालन दुपारी यायची तेव्हा मी तिच्यासमोर मोजून दाखवायचो आणि ती आवाज न करता, नुसते ओठ हलवत माझ्याबरोबर मोजायची.

मग एका सकाळी मी कालच्याइतकंच मोजलं. दुसऱ्या सकाळीही तेवढंच. डॉक्टर म्हणाले, "थांबलं." बरं झालं असं ते म्हणाले नाहीत, नुसतं थांबलं म्हणाले. पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो, शालनच्या हातानं.

वॉर्डात लहान मुलांना आणू देत नसत. तिथल्या एका मावशींनी कुणाला न विचारता माझी खाट खिडकीशी लावून दिली. शालन अंगणात उभी राहून मंगलला दोन्ही हातांनी वर धरायची. मंगलला मी दिसायचो की नाही कोण जाणे, पण खिडकीचे गज बघून ती हसायची. तिच्यामागं रस्ता होता. गिरणीचा भोंगा झाला की तो रस्ता सायकलींनी भरून जायचा. खाली बघितलं की लेक दिसायची आणि वर बघितलं की सायकली. दोन्हीकडे बघून डोळे भरायचे, म्हणून मी आळीपाळीनं बघायचो.

बस

हात लवकर सुधारले. पायांची बोटं हलायला लागली तसं डॉक्टरांनी घरी सोडलं, पण एक दिवसाआड व्यायामासाठी दवाखान्यात आणायला सांगितलं. ते सांगायला सोपं होतं. आमचं घर तिथून लांब, आळीत टांगा वेळेवर मिळायचा नाही, आणि टांग्यात चढवायला दर वेळी नरसय्यांना कामाचा खाडा करायला लावणं बरं दिसत नव्हतं.

म्हणून आम्ही सिटी बसनं गेलो. बसची पायरी एवढी उंच असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. खालून शालन आणि आईनं ढकललं, वरून दोघा-तिघांनी काखेत हात घालून ओढलं. लोक फार चांगले होते. एकानं जागा दिली, एका म्हाताऱ्यानं माझं पाऊल उचलून नीट ठेवलं. पण मी पोत्यासारखा आत पडलो होतो, आणि सगळी बस माझ्याकडे बघत होती. येताना बस भरून येत होत्या आणि थांब्यावर न थांबताच जात होत्या. उन्हात कट्ट्यावर बसून मी शालनला सांगितलं की मी आता व्यायामाला येणार नाही. जे काय व्हायचं ते घरात होऊ दे.

ती पदरानं मला वारा घालत राहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळीच कुठंतरी गेली आणि येताना एक लेडीज सायकल ढकलत आली. मी उंबऱ्याशी बसलो होतो. कुणाची म्हणून विचारलं. तिनं सांगितलं ते असं. सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या सायकल दुकानात ही एकच बायकांची सायकल होती. तिनं माझी सायकल त्या दुकानदाराला भाड्यानं फिरवायला दिली होती आणि तिच्या बदल्यात ही आणली होती.

मी भिंतीकडे बघितलं. माझी सायकल जिथं टेकलेली असायची तिथं चुन्यावर हँडलचा काळा ओरखडा तेवढा राहिला होता.  माझ्या पायांचा हिशेब हिनं मिटवून टाकला, असंच मला वाटलं.

शालननं ते ओळखलं. "इकली न्हाय," ती म्हणाली. "ठिवलीया तितं. तुमी चालत जायचं आन् आनायची. तवर ही."

"आणि ही चालवणार कोण?"

"मी."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिला सायकल येते हे मला माहीत नव्हतं. अक्कलकोटकडच्या तिच्या गावी, शाळा लांब म्हणून वडलांनी तिला शिकवली होती. वडलांच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून ती तिरकी चालवायची. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की हे सासरी बोलू नको, म्हणून बोलली नव्हती.

आईनं मात्र कपाळाला हात लावला. बाईमाणूस दादल्याला मागं बसवून भर गावातून सायकल हाकणार, मग आळीत तोंड कसं दाखवायचं, असं ती बराच वेळ बोलत राहिली. शालन ऐकून घेत होती. शेवटी शांतपणे म्हणाली, "मग तुमी न्हेता का, आत्या?" आई आत गेली आणि कॅरिअरवर घालायला गोधडीची घडी घेऊन आली.

कॅरिअरवर

मागच्या चाकाला पाय ठेवायला लोखंडी खुंट्या बसवून घेतल्या. माझी पावलं त्यांच्यावर ठेवून नरसय्यांनी चादरीच्या काठाच्या पट्ट्यांनी बांधली, चाकात जाऊ नयेत म्हणून. मी सीटच्या स्प्रिंगा धरल्या. पहिल्या दिवशी नरसय्या आळीच्या टोकापर्यंत कॅरिअर धरून पळत आले. दारादारांत बायका उभ्या होत्या. मी मान खाली घालून शालनच्या पाठीकडे बघत होतो. पदर कमरेला खोचलेला, ब्लाउज घामानं भिजलेला, आणि एका लयीत खालीवर होणारे तिचे खांदे. मला लाज वाटत होती. मग थोड्या वेळानं तोंडाला वारा लागला. आजारी पडल्यापासून वारा असा समोरून लागलाच नव्हता. लाज कुठं गेली कळलं नाही.

मागून एक मोटार आली आणि हॉर्न वाजवत राहिली. मी शालनला कडेला घ्यायला सांगितलं. तिनं घेतली नाही.

"त्यास्नी चार चाकं हायती, थांबता येतंय," ती पुढं बघतच म्हणाली. "आपून थांबलो तर पडायचं हाय."

मोटार आमच्यामागं हळूहळू सात रस्त्यापर्यंत आली. माझ्या मागं एवढी मोठी गाडी दबकत येतेय, हे मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं.

येताना गिरणी सुटायची. सायकलींच्या लोंढ्यात आम्ही सापडायचो. सुरुवातीला हसणारे होते, शिट्ट्या मारणारेही होते. पण रोजचं झालं तसं तेच कामगार आमच्या दोन्ही बाजूंना सायकली धरायला लागले. ट्रक आला तर बाहेरचा हात वर करायचे. त्यांतल्या कुणाचं नाव मी कधी विचारलं नाही. "वहिनी, डाव्या अंगाला खड्डा हाय," एवढंच ते बोलायचे, आणि शालन मान हलवायची.

याच दिवसांत सासरे आले. शालनला आणि मंगलला काही महिने माहेरी न्यावं असं त्यांच्या मनात होतं. पोरगी वाळलीय, ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. मी त्यांना घेऊन जा म्हणालो.  दुसऱ्या सकाळी व्यायामाची वेळ झाली आणि शालननं सायकल बाहेर काढली. सासरे ओट्यावर बसून बघत होते. तिनं मला उचलून बसवलं, पाय बांधले, टांग टाकली. आम्ही परत आलो तेव्हाही ते तिथंच होते. त्यांनी पाना मागून घेतला, खुंट्यांचे नट एकेक करून आवळले, ब्रेकची तार ताणली आणि दुपारच्या एस.टी.नं एकटेच गावी गेले.

उलटं घर

माझी थोरली बहीण एका गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर मुलं सांभाळायची. तिथली जुनी बाबागाडी मंगलसाठी म्हणून तिनं पाठवली. लोखंडी सांगाड्याची, तारांच्या मोठ्या चाकांची, टप फाटलेली. आमच्या आळीत तशी गाडी कुणी बघितलीच नव्हती. मंगल तीत एखाद्या राणीसारखी बसायची.

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाई मला टेबल धरून उभं करायच्या. तोल सांभाळता यायला लागला होता, पाऊल मात्र पुढं पडत नव्हतं. एकदा घरी मंगल गाडीत रडत होती आणि जवळ कुणी नव्हतं. मी भिंतीला धरून उठलो, गाडीचा दांडा धरला आणि तिला हलवायला लागलो. गाडी पुढं गेली आणि तिच्यामागं माझा उजवा पाय गेला. गुडघा थरथरत होता. मग डावा गेला. मंगल रडायची थांबली. मी रडत होतो.

दांड्यावर भार पडला की गाडी उलटायची. आईनं अंगणातल्या जुन्या जात्याची तळी उचलून गाडीत खाली ठेवली. त्यावर गोधडी, गोधडीवर मंगल. मग गाडी पक्की झाली. लहान पोरं पांगुळगाडा धरून चालायला शिकतात. आमच्याकडे पोरगी गाडीत बसलेली आणि बाप तिला धरून चालायला शिकतोय, असा प्रकार होता.

तेव्हा बाप्या माणसानं बाबागाडी ढकलणं कुणी बघितलेलं नव्हतं. चहाच्या टपरीवरून आवाज यायचे. बायको सायकल हाणते आणि नवरा पोर फिरवतो, म्हणून आमच्या घराचं नाव कुणीतरी 'उलटं घर' पाडलं. उत्तर द्यायला माझ्याकडे दम शिल्लक नसायचा, त्यामुळे मी नुसता हसायचो. पुढं ते नाव मला आवडायलाच लागलं. ओट्यांवर बसणाऱ्या बायका मात्र माझ्या चालीवर लक्ष ठेवून असायच्या. आज पानाच्या दुकानापर्यंत गेलात, भाऊ, असं त्या मंगलच्या गालाला हात लावता लावता सांगायच्या.

एक सांगतो. जे आज असेच खाटेवर आहेत त्यांच्यासाठी. सुधारणा रोज दिसत नाही. मी रोज शोधायचो आणि रोज निराश व्हायचो. चिडायचो ते घरच्यांवर, कारण डॉक्टरांवर चिडता येत नाही. शालननं एकदा मला सांगितलं की सकाळी चिडत जा, संध्याकाळी तिला ऐकायला बळ नसतं. तेव्हापासून मी सकाळी चिडायचो. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यानं आमचं घर टिकलं.

सात रस्ता

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी मी ठरवलं की सायकल आणायला जायचं. शालनला सांगितलं नाही. ती धुणं धूत होती. मंगलला गाडीत घातलं आणि निघालो. वाटेत दुकानांच्या पायऱ्यांवर बसत, पाणी पीत, पुन्हा उठत. सात रस्त्याला पोचलो तेव्हा पावलं फरफटायला लागली होती.

सात दिशांनी गाड्या यायच्या आणि कुणालाच दुसऱ्याची दिशा माहीत नसायची. धडधाकट असताना मी तिथून सायकल सुळकन काढायचो. आता कडेला उभा राहून बघत होतो. कुणी थांबेना. एक ट्रक गेला आणि जरा जागा झाली तसा मी निघालो. मधोमध आलो आणि डावा गुडघा आखडला. पुढं सरकेना, मागंही येईना. दांडा घट्ट धरून मी उभा राहिलो. ट्रकचा हॉर्न, जीपचा हॉर्न, टांग्याची घंटा. आपण पडलो तर गाडी कुठल्या बाजूला ढकलायची, एवढाच विचार डोक्यात होता. मंगल टाळ्या वाजवत होती.

मग मागून ओळखीचा आवाज आला. "थांबा तितंच. घाई करू नगा."

शालन होती. ती लेडीज सायकल माझ्या बाजूला आडवी लावून उभी राहिली, समोरच्या ट्रकच्या तोंडाशी. हातावर अजून साबणाचा फेस होता. ट्रकवाला काहीतरी ओरडला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक गिरणी कामगार सायकलवरून उतरून तिच्या शेजारी उभा राहिला, मग आणखी एक. सगळा चौक तुंबला. मी श्वास घेतला, गुडघा सोडवला आणि पाऊल टाकलं. पलीकडे जाईपर्यंत कुणी हॉर्न वाजवला असेल तर मला ऐकू आला नाही.

फूटपाथवर बसल्यावर मी तिला विचारलं, तुला कसं कळलं. तर ती आळीपासूनच मागं होती. धुणं टाकून निघाली होती आणि सारा वेळ लांबून, उतरून, सायकल ढकलत येत होती.

"मग हाक का मारली नाहीस?"

"तुमी चालत होता की," ती म्हणाली.

दुकानदारानं माझी सायकल पुसून बाहेर काढली. तेव्हा लक्षात आलं की बाबागाडी आणि सायकल दोन्ही मला नेता येणार नाहीत. दुकानदारासकट आम्ही तिघंही हसलो. शेवटी शालननं बाबागाडी घेतली, मी माझ्या सायकलचं हँडल आणि सीट धरून, सायकलच्याच आधारानं चालत निघालो. बायकांची सायकल दुकानदारानं आणखी काही दिवस ठेवून घ्या म्हणून सांगितलं आणि त्याच्या माणसाकरवी घरी पाठवली.

कामावर मी उन्हाळ्यात रुजू झालो. आधी टेबलावर, मग हळूहळू जिन्यांवर. डावं पाऊल अजून थोडं ओढतं. थंडीत जास्त.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचा निरोप आला. माझ्यासारख्याच दुखण्याचा एक विणकर वॉर्डात आला होता, तरणा. तो जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. जमलं तर भेटून जा, असा निरोप. मी आणि शालन आपापल्या सायकलवर गेलो; ती लेडीज सायकल तोवर आम्ही दुकानदाराकडून विकतच घेतली होती. मी त्याच्या खाटेशी बसलो आणि त्याला माझे पाय दाखवले. चालून दाखवलं, ओढणाऱ्या पावलासकट. तो बघत होता. मग त्यानं तेलुगू वळणाच्या मराठीत विचारलं की हे किती दिवसांत झालं. मी खरं सांगितलं की फार दिवस लागले. त्यानं डोळे मिटले, पण थोड्या वेळानं पाणी मागितलं.

त्याची बायको भिंतीशी उभी होती. पदर तोंडाला लावून रडत होती. घरी सोडतील म्हणतात, पण ह्यांना रोज इथं आणू कसं, घरात दुसरं कोणी नाही, असं ती अडखळत सांगत होती.  शालननं तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि खाली अंगणात लावलेली आपली सायकल दाखवली.

"सायकल येती का तुला?"

त्या बाईनं रडता रडता मान हलवली. नाही म्हणून.

"उद्या सकाळी ये," शालन म्हणाली. "लुगडं जरा वर खोचून ये."